यंत्रातली बुडी

महादेवावर मी रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. लहानपणापासून प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापी नदीत बुडी मारून त्याला पाणी घालत आले, आणि त्याने मला दिलं काय? आतड्याचा आजार! पोटात कळा, शौचातून रक्त, अंगावरचे कपडे सैल झालेले. आमच्या कोरीट गावाहून प्रकाशाला जायचंच मी सोडलं. त्याला कुठे पडलीये माझी, असं डोक्यात बसलं होतं.

मग डॉक्टर म्हणाले, आतडं एका जागी अरुंद झालंय. नुसती सूज असेल तर औषधाने उतरेल, पण जुनी जखम भरून तिथे घट्ट वण झाला असेल तर तेवढं कापावं लागेल. एमआरआयशिवाय सांगता येणार नाही. ऑपरेशन नको रे बाबा, म्हणत मी एमआरआयची तारीख घेतली.

नंदुरबारच्या सेंटरवर उपाशीपोटी गेले. आतडी फुगून नीट दिसावीत म्हणून ते गुळचट पाणी कसंबसं रिचवलं, मग यंत्राच्या त्या बोगद्यात सरकवलं. "श्वास थांबवा," मशीनवाला सांगायचा. कसला थांबतोय! ठकठक सुरू झाली की छाती धडधडायची आणि श्वास सुटायचा. शेवटी मला बाहेर काढलं. "ताई, सगळे फोटो हललेत. जरा बसा, पुन्हा बघू."

बाकावर बसून मी चक्क रडले. शेजारी एक म्हातारी होती, नवऱ्याला घेऊन आलेली. "काय व्हयनं माय?" तिनं विचारलं.

"मन्हा श्वास थांबस नही, मावशी."

"अवं, तापीमा बुडी मारस ना? तशीच मार. देवनं नाव ले नि जाय खाले. वर काढनारा तो शे."

ती प्रकाशाची की कुठली, मी विचारलं नाही. पुन्हा आत गेले. "श्वास थांबवा" ऐकू आलं, मी डोळे मिटले, महादेवा म्हटलं आणि खाली गेले. कानांवर तापीचं गार पाणी आल्यासारखं झालं, ठकठक लांब कुठेतरी राहिली. दर वेळी तसंच. फोटो स्वच्छ आले. बाहेर आले तर बाक रिकामा होता.

सूजच निघाली. औषध लागू पडतंय, भाकरी पचतेय. गुण डॉक्टरांचा आणि औषधाचा, मी कुठे नाही म्हणते? पण त्या मावशीला नेमकं माझ्या शेजारी कोणी बसवलं, याचं उत्तर मी शोधत नाही. डोळे भरून येतात, एवढंच.

परवाच्या सोमवारी प्रकाशाला गेले. पाण्यात उतरून त्याला म्हटलं, रुसवा सोडला रे बाबा. मग बुडी मारली, आणि वर यायची घाई केली नाही.