भाडेपट्ट्यावरचा दुधी

जर्सी सिटीतल्या आमच्या इमारतीमागे एक मोकळी जागा होती. टॉवरचं काम सुरू होईपर्यंत बिल्डरने ती रहिवाशांना भाजीपाल्यासाठी वर्षावर्षाच्या कराराने दिली होती. कुंपणावर टॉवरचं चित्र होतं: काचेचा, निळ्या आभाळात विरघळलेला. आमची वांगी त्यात नव्हती.

शेजारच्या वाफ्यात एक चिनी आजोबा असत, हाँगकाँगच्या डोंगरापलीकडच्या खेड्यातले. सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई त्यांना भाऊ म्हणायची. ती मराठीत बोले, ते त्यांच्या भाषेत. दुभाषा लागायचा तो मलाच; माझं त्यांच्याशी मोडक्या इंग्रजीत चाले.

त्यांच्या मांडवावरच्या एका दुधीला लाल दोरा होता. "बियाण्याला ठेवलाय, हात लावू नकोस," आईने बजावलं. बी त्यांच्या गावचं. साठवलेलं सगळं उंदरांनी खाल्लेलं. आता हा एकच.

आणि नोटीस लागली: सप्टेंबरअखेर जागा खाली करा. मग सोनेरी फावड्यांनी भूमिपूजन. सोनेरी फावड्याने वाफा झालेला मी अजून पाहिलेला नाही.

आजोबांना नोटिशीचं नवल नव्हतं. गावाकडचं शेत त्यांच्या पूर्वजांचं, त्यांनी सांगितलं. इंग्रजांनी तो मुलूख चीनच्या बादशहाकडून नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतला, मोजणी केली आणि शेत त्यांनाच पट्ट्याने दिलं. रात्री मालक म्हणून झोपलेला माणूस सकाळी कूळ होऊन उठला. शिवाय त्यांचा पट्टा सरकारच्या पट्ट्याआधी तीन दिवस संपणारा.

"ते तीन दिवस कशाला?" मी विचारलं.

"साहेबांना सामान बांधायला," ते म्हणाले. "आमची आजी सांगायची, कुणी काढायच्या तीन दिवस आधी आपणच निघावं."

त्याप्रमाणे ते मुदतीच्या तीन दिवस आधी विळा घेऊन आले. दुधी अजून हिरवट होता.

"भाऊ, थांबा! कच्चा आहे हो!" आई ओरडली.

मी भाषांतर केलं. त्यांनी तीन बोटं दाखवली.

"तीन दिवसांत काय वाळतोय? बरं, देठ लांब ठेवा. उन्हात टांगू."

त्यांच्या खिडकीसमोर भिंत होती. आमची नदीवर उघडायची. भाडेकरारात खिडकीत काही टांगायला मनाई होती. आई म्हणाली, "विचारलं तर सांग, पडदा आहे."

मग सकाळी धुक्यातून ऊन येई आणि दुधीची सावली माझ्या पांघरुणावर हळूहळू सरके. अर्धवट झोपेत वाटायचं, माझा व्हिसा तीन वर्षांचा, आईचा मुक्काम सहा महिन्यांचा, खालची माती कुणाची कोण जाणे. हा एकटा मात्र अधांतरी, निवांत पिकतोय. इथे जागेवरच्या हवेचेही हक्क विकतात, तेही बिल्डरने घेतले असतील, हे पूर्ण जाग आल्यावर सुचायचं.

आई परत गेली. नदीवर बर्फ धरला तेव्हा तिचा फोन आला. आजोबा माझ्याकडेच चहाला आले होते.

"काय रे, दुधी वाजतो का?"

आजोबांना प्रश्न कळला. त्यांनी दुधी उतरवला, फोनपाशी धरला आणि हलवला.

आत बिया खुळखुळल्या.

"झालं बी," आई म्हणाली. "भाऊंना सांग, अर्धं आमच्याकडे ठेवा. उंदरांचा काही भरवसा नाही."