रुखवतातली बाग

मनकर्णाबाई रडली नाही, याचीच माळीपुऱ्यात जास्त चर्चा झाली. सोळा वर्षांची लेक मानमोडीच्या तापात तीन दिवसांत गेली, आणि ही बाई चौदाव्या दिवशी शेवंतीची टोपली घेऊन अंबादेवीच्या वाटेवर बसली. आता लोकांचं काय हो, बसलं तरी बोलतात आणि नाही बसलं तरी बोलतात. फुलं काय झाडावर थांबणार होती? खरं म्हणजे तिला आतून काही वाटतच नव्हतं. भाकरीला चव नव्हती. तव्याचा चटका बसला तरी हात मागे घ्यायचं उशिरा सुचायचं.

गेली ती थोरली, जमुना. अकोल्याच्या माणिकबाईच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं होतं. पौषात सोयरीक जमवणारी गंगूबाई निरोप घेऊन आली, की माणिकबाई आता धाकट्या शालूला करून घ्यायला तयार आहे, वैशाखात उरकून टाकू. साखरपुड्याला जमुनानं कापडावर भरायला घेतलेली बाग दाखवली होती, ती तेवढी पुरी करून रुखवतात मांडा, एवढंच तिचं मागणं. जाता जाता गंगूबाईनं आपल्या पदरचं जोडलं. मेलेल्या पोरीचा हात रुखवतात दिसला तर नवरदेवाकडची माणसं नाकं मुरडतील, मांडवातून उठून जायलाही कमी करणार नाहीत. बाग एकाच हातची दिसली पाहिजे, शालूच्या. मनकर्णाबाईनं मान हलवली. एक लेक गेली होती, दुसरीचं लग्न मोडू द्यायचं नव्हतं.

पेटीतून दुसुतीचं कापड निघालं. मधोमध संत्र्याचं झाड, खाली झेंडू आणि शेवंती, कुंपणावर जाईचा वेल. पण जमुनाची रीतच जगावेगळी. एक रंग सुईत ओवला की तो संपेपर्यंत ती साऱ्या बागेत हिंडायची, मग दुसरा घ्यायची. त्यामुळे एकही फूल पुरं नव्हतं आणि एकही फूल कोरं नव्हतं. पानं तर सगळीच अर्धी.

इथं कोणता टाका घालू, शालू विचारायची. मनकर्णाबाईची सुई गोधडीपुरती, पण झाडं तिला कळायची. झेंडूला गाठीचा टाका घाल, म्हणाली, असा दाट की बोटाला लागला पाहिजे. वेलाला साखळी. पानांना फुलीचा टाकाच चालू दे, पण देठाकडे काळपट हिरवा घे आणि शेंड्याकडे पोपटी. संत्रं एका रंगात भरू नको, उन्हाकडच्या अंगाला लाल धागा मिसळ. बाजारातून आणलेलं रेशीम भडक निघालं, कारण जमुना वर्षभर खिडकीशी बसून भरायची, त्या उन्हानं तिचे धागे विटले होते. तेव्हा बाईनं नव्या लड्या मिरच्यांसोबत घराच्या धाब्यावर आठ दिवस उन्हात घातल्या आणि रोज जुन्या धाग्याशी लावून पाहिल्या. शालूचा हात घट्ट, कापडाला चुण्या पडायच्या. ते टाके मनकर्णाबाईनं तिच्याकडून तीन-तीनदा उसवून घेतले, जमुनासारखे सैल येईपर्यंत. यात तिला ना दुःख होतं ना समाधान. भाजी निवडावी तसं तिचं चाललं होतं. शालू मात्र मधेच सुई टाकून रडायला लागायची, आणि हिला आता काय झालं, अशा नजरेनं आई तिच्याकडे पाहत राहायची.

चैत्र संपता संपता बाग पुरी झाली. मागून अस्तर शिवलं, चौकट करवली, काच बसवून आणली.

लग्नाच्या दिवशी रुखवताभोवती ही गर्दी. अकोल्याच्या बायका काचेला नाक लावून पाहत होत्या आणि नवरीच्या हाताचं तोंडभर कौतुक करत होत्या. नावं ठेवायलाच आलेल्या दोघीतिघींना काही सापडेना, तेव्हा त्या मुकाट्यानं शेवेच्या लाडवांकडे वळल्या. गंगूबाईनं लांबून मान डोलावली. सुटलो बाई, एवढंच मनकर्णाबाईच्या मनात आलं.

बायका जेवायला गेल्या. माणिकबाई एकटी मागे राहिली आणि तिनं विहिणीला हळूच जवळ बोलावलं.

"यातलं थोरलीच्या हातचं कोणतं, इहीनबाई? मले एकडाव दाखवा. मी तिले सून म्हटलं होतं."

मनकर्णाबाईनं बोट उचललं आणि झेंडूवर ठेवलं. नाही, ही गाठ शालूची असेल. बोट पानांवर गेलं, तिथून वेलावर, वेलावरून संत्र्यांवर. टाका सारखा, रंग सारखा. उलटं करून पाहावं तर मागे अस्तर. एवढ्या बागेत लेकीचा एक टाका तिला सापडेना. आणि तो दुसऱ्या कोणी नाही, तिनंच चार महिने खपून दिसेनासा केला होता.

"मले सांगता येत नाई," ती म्हणाली. "माही जमुना कुठंच दिसत नाई हो यात."

आणि मग ती भर मांडवात माणिकबाईच्या गळ्यात पडून, सात महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्यानं रडली.