जयरामकाकांची शनिवारची बैठक

जयरामकाका शेतकऱ्याच्या गाडीतला मूठभर कापूस उचलायचे, डोळे मिटून दाबायचे आणि "ओला हाय, वापस ने" म्हणून गाडी फाटकावरूनच फिरवायचे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या लोहाऱ्याच्या आमच्या जिनिंगमध्ये ते मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर, मी कॉम्प्युटरवाला.

यापुढे फक्त कोरडा, साफ कापूस घ्यायचा, असं मालकांनी ठरवलं आणि त्यासाठीच कॉम्प्युटर आणला. पण मी अतिशहाणा! मी बसवलेल्या हिशेबात पडद्यावर दिवसाला किती गाड्या आत आल्या एवढंच दिसायचं, आणि त्यावरच कामाची वाहवा व्हायची. आकडा वाढावा म्हणून फाटकावरची माणसं काकांची नजर चुकवून ओला मालही आत घेऊ लागली. काका माझ्यावर कडाडले, "मालकाले साफ कापूस पाह्यजे, तुह्या डब्ब्याले गाड्या पाह्यजे. दोघायले एकदा समोरासमोर बसव ना बाप्पा!"

शेवटी त्यांनीच बसवलं. दर शनिवारी चार वाजता मालकापासून हमालापर्यंत सगळे ऑफिसच्या व्हरांड्यात चहाला जमायचे. ज्यानं त्यानं हप्त्यातली आपली चूक सांगायची आणि मी तिथंच कॉम्प्युटरातला नियम बदलायचा. "चूक सांगतली त लाज जाते, लपवली त जिनिंग जाते," हे काकांचं पालुपद. दोन हंगामांत डबा शहाणा झाला, थोडा मीही.

एका शनिवारी काकाच म्हणाले, "या हप्त्यात मी चुकलो. शुगरनं बोटं बधिर झाली. ओला कापूस कोरडा म्हणून घेतला. लिही, ग्रेडरच्या हातावर गाडी घेऊ नाही. मशीननं ओलावा मोजूनच घ्यावी."

मी कीबोर्डवरून हात मागे घेतले.

"काहून थांबला? नियम सगळ्यायले सारखा."

मी लिहिलं. काकांचं काम मी माझ्या हातानं पुसलं. मालक म्हणाले, आता घरी आराम करा. सोमवारपासून काका आले नाहीत.

हंगाम संपता संपता ते वारले. भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "दर शनवारी धुतला सदरा घालून चार वाजता दारात बसत. म्हणत, काम गेलं त गेलं, बैठकीले त बलावतीनच. फटफटी वाजली का उठून पाहात."

कोणीच बोलावलं नव्हतं. मीसुद्धा नाही. चुकली होती त्यांची बोटं, आणि आम्ही अख्खा माणूस काढून टाकला. काकूंसमोर मी ढसाढसा रडलो.

पुढच्या शनिवारी मी ही चूक बैठकीत सांगितली. सवयीनं मी कीबोर्ड पुढे ओढला. पण बोलवायला काकाच नव्हते; बदलायला काही उरलं नव्हतं.