रंगाखाली गेलेला घराचा नंबर

मंडळी, आज दुपारपासून डोकं चालेना, म्हणून विचारतो.

निवडणूक आलीय. काल एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आमच्या दापोडीच्या वस्तीतली सगळी दारं त्यांच्या पक्षाच्या रंगात फुकट रंगवून दिली. मी खूश होतो.

आज पुनर्वसनाच्या फ्लॅटसाठी तपासणीवाले आले. "आजोबा, दारावरचा सर्वेचा नंबर कुठंय? त्याशिवाय यादीत कसं धरू?" नंबर रंगाखाली गेलेला. म्हणाले, उद्या परत येतो.

शेजारचा सखाराम म्हणाला, "खरवडा की राव." रंगवणाऱ्यांतला एक कार्यकर्ता म्हणाला, "काका, आमचा रंग खरवडू नका. आमचे उमेदवार दादा निवडून आले की घर पक्कं."

सुरी घेऊन दारापुढं बसलोय. पण खालचा नंबरही रंगानंच लिहिलेला. खरवडताना तोही निघून गेला तर? तुम्ही काय केलं असतं?