छातीच्या जोरावर वैमानिक

एकाहत्तरच्या लढाईनंतर आभाळाकडे बघत फिरणारी पोरं आमच्या कुंडल भागात वाढली. त्यातलाच मी एक. वैमानिक होणार असं मी जाहीर केलं, तेव्हा वडील गोठ्यात धार काढत होते. ते फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले. हात न थांबवता म्हणाले, "फौजंनं मला गाडी शिकवली, वर जेवाय घातलं. आन तू पैसं भरून ड्रायवर व्हनार?"

मी त्यांना पायलट आणि ड्रायव्हर यांतला फरक समजावला. तोवर विमान मी फक्त कऱ्हाडच्या धावपट्टीच्या कुंपणाबाहेरून पाहिलेलं, एवढाच माझा अधिकार.

वर्षभरानं ते राजी झाले. मात्र तयारी फौजेच्या रीतीनं. भरती म्हणजे छाती, हे आमच्याकडचं शास्त्र. पुण्याच्या फ्लाइंग क्लबची वैद्यकीय तपासणी ठरली आणि त्यांनी मला तालमीत घातलं. जोर, बैठका, दूध, केळी. गल्लीतले पेन्शनर फौजी येता-जाता टेप लावून माझी छाती मोजायचे. मी असा फुगलो, की उडायला विमानाची गरज नाही असं वाटायला लागलं.

तपासणी तोंडावर आली तशी वस्तादांनी कुस्ती बंद केली होती. पण जत्रेच्या मैदानात कुणीतरी "पायलट, येतूस का?" म्हणून डिवचलं आणि आम्ही लंगोट चढवला. समोरच्या गड्यानं डाव्या कानशिलावर असा हात टाकला, की कानात शिट्टी वाजली ती वाजलीच.

पुण्यात मी श्वास कोंडून छाती काढून उभा, आणि डॉक्टर बघत होते कान. डावा कान गेला होता, आणि विमानही.

घरी मी हे सगळं नकलांसकट सांगितलं. वडील हसले नाहीत. "मीच तालमीत घातला न्हवं," एवढंच म्हणाले. मैदानातली खुमखुमी माझी होती, हे कितीदा सांगूनही त्यांनी मानलं नाही.

मी सांगलीत कारकून झालो. गावी गेलो की वडील वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसायचे, मग बोलायचे. एकदा उसाला पाणी पाजताना त्यांनी वर बघितलं, म्हणून मीही बघितलं. विमान चाललं होतं. ते फावडं टेकून बघत राहिले, मग उजवीकडे येऊन म्हणाले, "त्यो पायलट कुनाचा पोरगा आसंल रं?"

कान त्यांनी बरोबर निवडला होता. तरी ऐकू न आल्यासारखं करून मी पाणी वळवायला पुढच्या सरीचं दारं मोडायला गेलो.