मनोहररावांची झोप

सत्तावीस वर्षांत मनोहरराव एकदाही उशिरा कामावर गेले नव्हते. सक्करदऱ्याच्या तलावामागे दोन खोल्यांचं स्वतःचं घर आणि एका शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी. पहाटे साडेचारला उठायचं, साडेपाचला बस काढायची, चाळीस मुलं सुखरूप शाळेत उतरवायची. दारू नाही, तंबाखूचा खर्रा नाही. अंथरुणाला पाठ लागली की माणूस मेल्यासारखा झोपायचा, आणि या झोपेवरच आपली नोकरी उभी आहे असं ते सगळ्यांना सांगायचे.

त्यांच्या उशाकडची भिंत शेजारच्या पिंटूच्या घराशी सामाईक होती. पिंटू पंचेचाळिशीचा, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान चालवणारा. त्याची आई गिरजाबाई चांगली होती तोवर पलीकडून काही त्रास नव्हता. उलट मनोहररावांची बायको प्रेमिला टायफॉईडने दवाखान्यात होती, तेव्हा याच म्हातारीने बावीस दिवस त्यांना डबा करून दिला होता. पण मागच्या दिवाळीनंतर गिरजाबाईंचं डोकं काम करेनासं झालं. दिवसा त्या गप्प बसायच्या. रात्री अकरा वाजले, की आपल्याला कोणी घराबाहेर ठेवलंय असं त्यांना वाटायचं, आणि खाटेवरून भिंतीवर हात आपटत त्या ओरडायच्या, "दार उघड वं, दार उघड." ते पहाटेपर्यंत चालायचं.

मनोहररावांनी कानांत कापूस घालून पाहिला. खाट स्वयंपाकघरात हलवली. डिसेंबरच्या थंडीत कूलर सुरू केला, त्याच्या घरघरीत आवाज बुडावा म्हणून; सर्दी झाली, आवाज काही बुडाला नाही. झोपेच्या गोळ्या आणल्या, तर सकाळी स्टिअरिंगवर डोळे मिटायला लागले. फेब्रुवारीत ते मिटलेच. बस दुभाजकावर चढली आणि तिसरीतली नूपुर नावाची मुलगी पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटली, तिचे दोन दात पडले. शाळेने मनोहररावांना पंधरा दिवस घरी बसवलं, आणि पुन्हा असं झालं तर येऊच नका म्हणून बजावलं.

त्या संध्याकाळी ते पिंटूच्या दारात गेले. पिंटूच्या बायकोने, हर्षाने, खुर्ची दिली. ते बसले नाहीत. पिंटू सांगत राहिला की डॉक्टरांनी औषध बदललंय, फरक पडेल, आम्हालाही कुठे झोप आहे.

"तू दुपारी दुकानात डुलकी मारू शकतं," मनोहरराव म्हणाले. "माह्या मागं चाळीस लेकरं बसतात. तुह्या मायले आवर, नाही तर मी पोलिसात अर्ज देतो. लिहून ठेवला आहे."

अर्ज खरोखरच लिहिलेला होता. खाली गल्लीतल्या सात घरांच्या सह्या होत्या. म्हातारीबद्दल वाईट वाटतं, असं सही करताना प्रत्येक जण म्हणाला होता.

मार्चअखेर पिंटूने तोड काढली. त्याच्या गच्चीवर जुन्या मोटारी ठेवायची टिनाची खोली होती. ती रिकामी करून तिथे खाट टाकली. जेवणं झाली की दोघं नवराबायको गिरजाबाईंना धरून वर न्यायचे, आणि त्या जिन्यावरून पडू नयेत म्हणून बाहेरून कडी लावायचे. पहिल्याच रात्री मनोहररावांना सलग सात तास झोप लागली. सकाळी ते पिंटूकडे आलुबोंडे घेऊन गेले.

शाळेला सुट्या लागल्या आणि बस बुटीबोरीच्या एका कारखान्याकडे लागली. वेळ तीच. मेमध्ये पारा सेहेचाळिसावर गेला. दिवसभर तापलेल्या टिनाला रात्रीही हात लावता येत नव्हता. पिंटूने वर एक टेबलफॅन लावून दिला होता.

एका रात्री वीज गेली. मनोहररावांचा कूलर बंद पडला, ते पाणी प्यायला उठले आणि वाऱ्याला म्हणून अंगणात आले. पिंटूच्या घरात खाली कूलर इन्व्हर्टरवर चालू होता. वर इन्व्हर्टरची वायर नेलेली नव्हती. वरून आवाज आला. ते ओरडणं नव्हतं; घसा बसलेला, फटीशी तोंड लावून बोलावं तसा. "दार उघड बापा. दार उघड." मग नखं टिनावर घासल्यासारखी वाजली.

हातात तांब्या घेऊन मनोहरराव उभे राहिले. पिंटूचं दार सहा पावलांवर होतं. ते वाजवलं तर पिंटू उठेल, म्हातारीला खाली आणेल, आणि खाली आणली की पुन्हा तीच भिंत. दोन वाजून गेले होते. साडेचारला उठायचं होतं. एवढा विचार त्यांनी शांतपणे केला. मग तांब्यातलं उरलेलं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं आणि आत जाऊन ते निजले. झोपही लागली.

सकाळी हर्षा चहा घेऊन वर गेली. कडी काढून दार ढकललं, तर आतून काहीतरी अडत होतं. गिरजाबाई दाराला टेकून गेलेल्या होत्या. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. वय एक्क्याऐंशी, कोणी काही विचारलं नाही. मनोहररावांनी सकाळची पाळी केली आणि दुपारी येऊन खांदा दिला.

पाचव्या दिवशी पिंटू आला. मुंडण केलेलं डोकं खाली घालून तो बसला.

"भाऊ, त्या रात्री तुमाले काही आवाज आला होता का?"

"नाही," मनोहरराव म्हणाले. "मी गाढ झोपून होतो."

"म्हंजे झोपेतच गेली."

दारापासून तिला त्याने स्वतःच उचललं होतं. तरी त्याचा चेहरा सैल पडला, आणि जाताना त्याने मनोहररावांचे दोन्ही हात धरले.

तो गेल्यावर प्रेमिला स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी जागी होती," ती म्हणाली. "मलेही आवाज आला होता. तुमी अंगणात गेले, तर मले वाटलं, पिंटूले उठवून आले. म्हणून मी पडून राहिली."

"तिच्या पोराले ऐकू नाही आलं. मले काहून विचारून राहिली?" एवढं बोलून त्यांनी जेवायला वाढायला सांगितलं.

जूनअखेर शाळा सुरू झाली आणि मनोहररावांना शाळेची फेरी परत मिळाली. नूपुर आता दुसऱ्या बसने जाते. त्यांच्याविरुद्ध नवी तक्रार एकही नाही. प्रेमिलाला मात्र त्या रात्रीपासून झोप येत नाही. ती मध्यरात्री उठते आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसते. त्या आवाजाने मनोहररावांची झोपमोड होते. त्यांनी तिला दोनदा समजावून सांगितलं. मागच्या आठवड्यात, काही दिवस सावनेरला भावाकडे राहून ये, असं ते म्हणाले, आणि तिची बॅगही त्यांनीच भरून दिली.