पाळीतला दात

माझी मोठी बहीण लग्न होऊन सौंदडच्या पुढच्या एका गावात गेली, तेव्हा तिच्यासोबत एक लोखंडी पेटी होती. पेटीत साड्या कमी आणि पुस्तके जास्त निघाली. सगळी एकाच विषयाची: नष्ट झालेले प्राणी, दगड झालेली हाडे, माणूस नव्हता तेव्हाची जंगले आणि समुद्र. काही मराठी, बरीच हिंदी, आणि गोंदियाच्या रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावाने आणलेली जाड कागदाची इंग्रजी. सासूबाईंनी पेटी हलवून पाहिली आणि विचारले, "याच्यात लोखंड भरलं का वो?"

पेटीचे पुढे कपाट झाले, कपाटाची दोन कपाटे झाली. ओसरीत धानाची पोती आणि हत्तींचे पूर्वज शेजारी शेजारी राहू लागले. गावातल्या मुली दुपारी येऊन चित्रे पाहत बसत. पण धान घरात आले की कपाटांपुढे पोत्यांची थप्पी लागे आणि ते विकले जाईपर्यंत पुस्तकांपर्यंत कोणाचा हात पोचत नसे. म्हणून ताईला एक खोली हवी होती. ग्रामपंचायतीच्या आवारात एक रिकामी होती. तीच गावातल्या तरुणांना व्यायामशाळेसाठी हवी होती. निर्णय ग्रामसभेत व्हायचा होता.

मी गोंदियात एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काम करतो आणि कुडव्यात राहतो. सुटीच्या दिवशी दुचाकीने ताईकडे जायचे आणि जेवण झाले की त्या पुस्तकांतले एखादे घेऊन ओसरीत बसायचे, हा माझा शिरस्ता. प्राण्यांचे मला फारसे वेड नाही. मला त्या पुस्तकांची भाषा आवडते. एका दातावरून ती जनावराचे खाणे सांगतात, पावलांच्या ठशांवरून चाल सांगतात, चिखलातल्या परागकणांवरून त्या काळचा पाऊस सांगतात. माहिती कुठे संपते आणि अंदाज कुठे सुरू होतो, तेही सांगतात. एका प्राण्याचे टोकदार हाड आधी शिंग समजून त्याच्या नाकावर बसवले गेले होते. नंतर पुरे सांगाडे मिळाले आणि कळले की ते अंगठ्याचे आहे. आमच्या धंद्यात चूक दुरुस्त करायची तर आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळींत. या पुस्तकाने त्या अंगठ्याला अख्खे पान दिले होते, चुकीच्या चित्रासकट.

ताईचे सासर कोहळ्यांचे, तलाव बांधणाऱ्यांचे. गावचा तलाव मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला. त्याच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या मोठ्या बांधातून, शेतांकडे पाणी सोडायचे दगडी तोंड असते. त्याला इकडे तुडुम म्हणतात. ते खचले होते. नवे बसवण्यासाठी एका उन्हाळ्यात जेसीबीने पाळ वरपासून खालपर्यंत उभी चिरली. चिरेत मातीचे पट्टे स्पष्ट दिसत होते. वर पिवळसर मुरमाचा जाड थर, तळाशी काळ्या मातीचा. ताई रोज तिथे जाऊन पाहत असे. तळाच्या काळ्या पट्ट्यातून तिने एक दात काढला. अंगठ्यापेक्षा थोडा लांब, काळा, हातात जड, नखाने वाजवला तर दगडासारखा.

तिने तो पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवला. डॉक्टर म्हणाले, "गाईचा किंवा म्हशीचा. किती जुना ते मी कसं सांगू? मी जिवंत जनावरांचा डॉक्टर."

ताईचे उत्तर तयार होते. तिच्या पुस्तकांत रानबैलांच्या दातांची चित्रे होती, माणूस शेती करू लागण्याच्या फार आधीच्या. ते दात दिसायला असेच होते. म्हणजे आकारावरून निकाल लागणार नव्हता, थरावरून लागणार होता. सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना, हा त्या शास्त्राचा पहिला नियम. आणि इतका जाड मुरूम साचायला हजारो वर्षे लागत असतील. तिने मला फोनवर हे क्रमाने सांगितले आणि विचारले, "बातमी होईल का?"

मी म्हटले, कोणा जाणकाराने पाहिल्याशिवाय नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "घाई नको."

गावात मात्र बातमी माझ्याशिवाय पोचली. ती पोचवली तिच्या सासऱ्यांनी. हेच सासरे आधी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची सूनबाई मेलेल्या जनावरांचा बाजार भरवून राहिली." आता ते दात सदऱ्याच्या खिशात ठेवून पानठेल्यावर बसू लागले. "हे पाहा. मानूस नव्हता तवाचं. आमच्या पाळीतलं हाय." व्यायामशाळेचा आग्रह धरणारा तरुण त्यांच्या पुतण्याच्या नात्यातला होता. तोही नरमला. अशी वस्तू गावात असेल तर तिला खोली लागेलच, असे तो म्हणू लागला. खोली ताईला मिळणार, हे जवळजवळ ठरल्यासारखे होते.

ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी मी तिथे होतो. ताई ग्रामसभेत काय बोलायचे त्याची तयारी म्हणून थरांवरचे प्रकरण पुन्हा वाचत होती. एका ठिकाणी ती थांबली. थर मोजण्याआधी ते कोणी उलथवलेले नाहीत ना ते पाहा, असे तिथे लिहिले होते. पुढे दरडी, पूर आणि बिळे करणारे प्राणी यांची उदाहरणे होती. तिने पुस्तकात बोट ठेवले आणि सासऱ्यांकडे पाहिले.

"बाबा, नवी पाळ घालताना सगळ्यात आधी कोणती माती पडते?"

सासरे तंबाखू मळत होते. "वरची. दुसरी कोनती पडन? तलावाच्या पोटातली काळी पयले सोलतेत. थे नेऊन टाकली का पाळीचा पाया झाला. मंग खाली मुरूम लागते, थो तिच्यावर. आमच्या वावरातल्या ल्हान्या बोडीची पाळ घातली तवा म्या सोता पाट्या वाहल्या."

ताईने पुस्तक मिटले. "मग पाळ उलटी आहे, बाबा."

"उलटी कायले? इतक्या पिढ्या सरळ उभी हाय."

तिने त्यांना जमिनीवर बोटाने रेघा ओढून दाखवले. शिवारात काळी माती वर असते, मुरूम खाली. खोदणारे वरून खोदत जातात आणि खालून रचत जातात. म्हणून पाळीचा तळ म्हणजे शिवाराचा माथा. तिथे सापडलेला दात तलाव खोदण्याआधी त्या जागेवर चरणाऱ्या जनावराचा, फार तर थोडा आधीचा. नदीच्या कड्यावर पुस्तकाचा नियम जसाच्या तसा लागला असता. माणसांनी पाट्यांनी रचलेल्या टेकडीवर तो उलटा धरायला हवा होता. तलाव बांधणाऱ्यांच्या घरात इतकी वर्षे राहूनही तिने पाळ डोंगरासारखी वाचली होती. पाळीच्या दुरुस्तीच्या बातम्या वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या मलाही हे सुचले नव्हते.

सासऱ्यांनी तळाच्या रेघेवर बोट ठेवले. "म्हंजे म्हशीचा?"

"म्हशीचा नाहीतर गाईचा."

"हे तुले कोनं सांगतलं?"

"तुम्हीच. आत्ता."

"म्या काही सांगतलं नाही," ते म्हणाले. "आन तूबी ग्रामसभेत सांगू नको. खोली मिळू दे पयले. कोन पाळ उलटून पाहून राहिला?"

"खोली या पुस्तकांसाठी मागतोय ना बाबा? यांच्यात असं चालत नाही."

"मंग माह्या नाकाचं काय? साऱ्या गावाले दाखवून बसलो."

दात खिशातून काढून त्यांनी खिडकीत ठेवला.

ग्रामसभेला मी भाऊ म्हणून गेलो. पेन काढले नाही. ताईने दात टेबलावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. आधी काय सापडले, मग तिला काय वाटले, मग ते का चुकले. आवाज चढवला नाही, सारवासारव केली नाही. मी अनेक पत्रकार परिषदांना बसलो आहे. तिथे इतक्या सरळ क्रमाने बोललेले माझ्या ऐकण्यात नाही.

मागून कोणी तरी म्हणाले, "म्हस कोनाची होती थे पाहा. पंचनामा करा."

"मालगुजाराची असन. वारसाले देऊन टाका."

हशा थांबल्यावर तो व्यायामशाळेवाला उठला. "वहिनी, दात म्हशीचा, तं खोली कायले? आमचे डंबेल तरी खरे हायेत."

"खरे असतील. पण आले कुठं आहेत?"

पुन्हा हशा झाला आणि तो तरुणही हसला. पण खोली हातची जात होती, हे ताईच्या चेहऱ्यावर दिसत होते. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेला एक म्हातारा बोलला, "पन काळी खाली रायते हे चूक. काळी गाभ्याले भरतेत, मधात."

"थे बोडीले. तलावाले नाही," दुसऱ्याने सांगितले.

तोवर मान खाली घालून बसलेले ताईचे सासरे उभे राहिले. "म्या पाट्या वाहल्या, आन तू मले शिकवून राहिला?"

यानंतर बराच वेळ व्यायामशाळेचा विषय निघालाच नाही. पाळ कशी रचली, पाझर कुठून येतो, मुरूम किती दाबायचा, यावर सगळा गाव भांडू लागला. कोणी तरी विचारले की पुस्तकात थर काढून दाखवलेत का. ताईने ते पान उघडून दिले. पुस्तक इंग्रजी होते. चित्राला भाषा लागत नव्हती. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले, बायकांच्या रांगेत गेले, आणि एका बाईने बोट ठेवून विचारले, "याच्यातली पाळ कोनती न् जमीन कोनती?" ताई तिच्याजवळ जाऊन बसली.

शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "खोलीचं सांगा आता. नाहीतर आज गावात चुली पेटत नाहीत." ग्रामसेवकाने व्यायामाचे साहित्य अजून मंजूर नसल्याचे सांगितले. ते येईपर्यंत खोली पुस्तकांना, आल्यावर सकाळ तरुणांची आणि दुपार वाचणाऱ्यांची, असे ठरले. कोणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली. व्यायामशाळेवाल्यांनीच ती उचलली. पुस्तके ताई एकेक पुसून वर देत होती. सासरे ओसरीत खाटेवर बसून होते, त्या रविवारपासून तिच्याशी न बोललेले. त्यांच्या मांडीवर एक मोठे पुस्तक उघडे होते. ताईने ते घ्यायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी पान धरून ठेवले.

"हे राहू दे," ते म्हणाले. "माहं पाहून नाही झालं."

ताईने ट्रॉलीवाल्याला निघायला सांगितले.